तिसरी खुर्ची

परुळ्याच्या सड्यावर, जांभ्याच्या कुंपणाआड,
एका उंच शेडमध्ये
सहा पायांवर उभं आहे विमान.
पंख नाहीत, शेपूट नाही, चाकं नाहीत.
दिगंबर राऊळ रोज सकाळी त्याची धूळ पुसतो
आणि विचारतो, "साहेबांनू, आज खंय पाडतलास?"

आत शिरलं की कोकण संपतं.
बोट टेकवलं की दिल्लीचं धुकं,
पुन्हा टेकवलं की लेहचे डोंगर
काचेला नाक लावून उभे.

सोळा हजार तास घेऊन आलो होतो मी.
कॅप्टन इरावती केळुसकरांनी कागद पाहिला, घडी घातली,
म्हणाल्या, "हे बाहेर ठेवून या, चपलांपाशी."

पहिल्या दिवशी मी देव झालो.
उजव्या इंजिनाला आग लावली,
घारींचा थवा सोडला,
धावपट्टी भिजवली, वारा आडवा वळवला.
समोर इलियास मुकादम, माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला,
आज माझ्यासाठी शिकाऊ झालेला,
मानेवरून घाम कॉलरमध्ये.
बाईंनी सगळं गोठवलं.
नऊशे फुटांवर विमान थांबलं,
काचेवरचा पाऊस थेंबासकट थांबला.
"यातून त्याने काय शिकायचं होतं?"

मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी हात गेला.
इलियासचा वेग चार नॉटांनी उतरला
तशी बोटं आपणहून पुढे सरकली,
दोन खुर्च्यांमधून, थ्रॉटलकडे,
तीस वर्षांची सवय,
तिला कुणी विचारलं नव्हतं.
बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी आपल्या आगरातल्या दोन सुपाऱ्या आणल्या,
न सोललेल्या, मूठभर मोठ्या.
"एकेका हातात एकेक.
बिघाड द्यायला अंगठा पुरतो.
खाली पडली की मला ऐकू येईल."

चार पट्ट्यांचा, छप्पन्न वर्षांचा मी
मुठी आवळून मागे बसलो
अनोळखी घरातल्या बारशाला आल्यासारखा.
सुपारी पडली. पुन्हा पडली.
एकदा गडगडत पेडलखाली गेली,
ती काढायला दिगंबरला पालथं व्हावं लागलं.
गप्प बसल्याचे तास
कुठल्या लॉगबुकात लिहितात?

सातव्या दिवशी इलियासने ठरवून चूक केली.
उंची जास्त, वेग जास्त, पाठीवर वारा,
परत फिरायला हवं होतं, फिरला नाही.
दणकन टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं,
धावपट्टी संपता संपता कसंबसं थांबलं.
शेडचे सहाही पाय थरथरले.
मुठी मिटलेल्याच होत्या माझ्या.

मग फळ्याची खोली. मी विचारलं,
शिकवलं होतं तसं, आवाज न चढवता,
"तुला काय दिसत होतं?"
इलियास सोंगातून बाहेर न येता म्हणाला,
"धावपट्टी दिसत होती की समोर.
मग उगाच कशाला फिरायचं?"

हे वाक्य माझं होतं.
पंधरा वर्षांपूर्वी, अगरतळा, रात्रीचे पावणेदहा,
मागे एकशे बेचाळीस माणसं
सामान काढायच्या घाईत.
उजवीकडचा पोरगा दोनदा म्हणाला होता, "सर, वेग."
मी ऐकलं होतं.

फळ्याकडे पाठ करून सांगून टाकलं सगळं.
घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो.
इलियासने चष्मा काढला.
पंखा फिरत राहिला.
बाईंनी एवढंच विचारलं,
"तो मुलगा आता कुठे असतो?"

माहीत नव्हतं.

संध्याकाळी दिगंबरने कळ दाबली,
यंत्राने सुस्कारा सोडला
आणि पाय दुमडून
रवंथाला बसणाऱ्या म्हशीसारखं खाली टेकलं.
बाहेर आलो. चपलांपाशी फक्त चपला होत्या.
खिशात दोन सुपाऱ्या, द्यायच्या राहिलेल्या,
डावीच्या सालीवर नखांच्या चार खुणा.

देबाशिष. नाव आठवलं.
सड्याच्या कडेला बसून आडनाव आठवत राहिलो.
निवतीच्या दीपगृहाचा उजेड
यायचा, जायचा.